वचन मोडले, की माझा विश्वास कमी पडला?

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका भगिनीच्या दीर्घ पत्राचा सारांश आधी देतो. त्यांचे यजमान मूत्रपिंडाच्या विकाराने काही वर्षे आजारी होते आणि शेवटी शेवटी त्यांचे डायलिसिस चालू होते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबाने टोपलीतून बायबलमधील वचनाचे कार्ड उचलले, तेव्हा त्यांच्या हाती ९१ व्या स्तोत्रातील दहावे वचन आले: कोणतेही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही, कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्याने ते कार्ड हातात घेऊन ‘हे वचन धरून ठेवा, यजमान पायावर उभे राहतील’ असे सर्वांसमक्ष सांगितले. कुटुंबाने उपास धरले, शुक्रवारची प्रार्थना चुकवली नाही आणि औषधोपचारही थांबवले नाहीत. पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) थोड्याच दिवसांत यजमान प्रभूमध्ये निजले. आता महिला मंडळातील काही जणी ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल’ असे म्हणतात, कॉलेजात शिकणारा मुलगा ‘देवाने शब्द फिरवला’ असे म्हणून उपासनेला येत नाही, आणि ते कार्ड अजून कपाटाच्या आरशाच्या कडेला खोचलेले आहे. भगिनी विचारतात: देवाने वचन मोडले का? की माझाच विश्वास अपुरा होता? यापुढे कोणतेही वचन मी कोणत्या तोंडाने धरावे? त्या कार्डाचे काय करावे, आणि मुलाला काय सांगावे?

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण रात्री तुम्हाला झोपू देत नाही तो हाच प्रश्न असावा असे पत्रावरून वाटते. तुमच्या विश्वासाच्या उणिवेमुळे यजमान गेले नाहीत. हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी लिहीत नाही, तर पवित्र शास्त्र आजारी माणसाविषयी आणि त्याच्या घरच्यांविषयी जे सांगते ते वाचून लिहीत आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात आपल्या मुलाला घेऊन आलेला बाप प्रभूला म्हणतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात विश्वासही आणि अविश्वासही. तरीही प्रभूने त्याला ‘आधी विश्वास पुरता करून ये’ असे सांगून परत पाठवले नाही, मुलाला बरे केले. महिला मंडळातल्या भगिनी याकोबाच्या पत्रातले ‘विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील’ हे वचन पुढे करतात असे तुम्ही लिहिले आहे. ते वचन त्यांनी पुन्हा एकदा शांतपणे वाचावे. तिथे मंडळीच्या वडिलांना बोलावण्यास सांगितले आहे आणि विश्वासाची प्रार्थना करायची आहे ती त्या वडिलांनी. अंथरुणाला खिळलेल्याचा किंवा त्याच्या पत्नीचा विश्वास तपासून पाहावा असे याकोब कोठेही म्हणत नाही. शिवाय ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू’ असे म्हणावे हे त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात त्यानेच सांगून ठेवले आहे.

याहून स्पष्ट गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आहे आणि तिच्यावर आपल्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते याचे मला नेहमी नवल वाटते. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले, आणि ते यहुद्यांना आवडले असे पाहून त्याने पेत्रालाही तुरुंगात टाकले. मंडळीने पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना केली आणि देवदूताने त्याच्या बेड्या गळून पाडून त्याला बाहेर काढले. पेत्राच्या सुटकेवर आपण संडे स्कूलपासून गोष्टी ऐकतो, नाटुकली बसवतो. याकोबाचे मरण मात्र एका ओळीत उरकलेले असल्यामुळे तिथे कोणी थांबत नाही. दोघेही बारा शिष्यांपैकी होते, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत प्रभूने बरोबर नेलेल्या तिघांपैकी होते, आणि दोघांवरही त्याच मंडळीची माया होती. याकोबाच्या घरी जाऊन ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी केले असते का? एक का सुटला आणि दुसरा का मारला गेला याचे कारण ते पुस्तक लिहिणारा लूक देत नाही, आणि जे कारण लूकने दिले नाही ते तुमच्या यजमानांच्या बाबतीत देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ताई, आणखी एक गोष्ट मला थोडी कठोर वाटली तरी लिहिली पाहिजे. ‘खरा विश्वास असता तर देवाने वाचवले असते’ हा विचार शास्त्रात आहे, पण तो कोणाच्या तोंडी आहे ते पाहा. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रभू वधस्तंभावर खिळलेला असताना मुख्य याजक, शास्त्री आणि वडील त्याची थट्टा करताना म्हणतात की याने देवावर भरवसा ठेवला आहे, तर देवाने त्याला आता सोडवावे. देवाने त्या दुपारी त्याला सोडवले नाही. आदल्या रात्री त्याने स्वतः ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना केली होती आणि तो प्याला दूर झाला नव्हता. ज्या वाक्याने प्रभूची टिंगल झाली तेच वाक्य विधवेच्या दारात सांत्वन म्हणून आणले जावे, ही गोष्ट मला अतिशय दुःखाची वाटते. त्या भगिनींच्या मनात दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. बहुधा त्यांना भीती वाटते. तुमच्या घरी जे घडले त्याला तुमच्याकडचे काही कारण सापडले, तर ते आपल्या घरी घडणार नाही अशी हमी त्यांना मिळते. ती हमी खोटी आहे, आणि तिची किंमत तुम्ही चुकवण्याचे काही कारण नाही.

आता देवाने वचन मोडले का, याविषयी. ९१ वे स्तोत्र सोळा ओव्यांचे आहे आणि तुमच्या कार्डावर त्यातली एकच आली. दहाव्या वचनानंतर लगेच, अकराव्या आणि बाराव्या वचनात, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल आणि तुझा पाय धोंड्याला लागू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील असे शब्द आहेत. हे शब्द नव्या करारात कोणी उच्चारले हे तुम्हाला ठाऊक आहेच: यरुशलेमेच्या मंदिराच्या शिखरावर प्रभूला उभे करून सैतानाने. सैतानाने ते शब्द स्वतः खोटे रचले असे नव्हे. त्याने ते वचन देवापासून तोडून हाती घेतले आणि ‘हे लिहिले आहे, आता देवाला ते पाळायला लाव’ असे सांगितले. प्रभूने उत्तर दिले की तू आपल्या देवाची परीक्षा पाहू नकोस. ज्या स्तोत्राचा वापर असा होऊ शकतो हे प्रभूने स्वतः दाखवले, त्यातली एक ओळ टोपलीतून निघाली म्हणून एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट आजाराची हमी म्हणून जाहीर करणे, हे त्या वक्त्याने करायला नको होते.

मग ते स्तोत्र खोटे का? नाही. तुम्ही ते पंधराव्या वचनापर्यंत वाचा. तिथे देव स्वतः बोलतो आणि संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन असे म्हणतो. हे स्तोत्र रचणाऱ्याला संकट येते हे पक्के माहीत होते, नाही तर हे वाक्य लिहिण्याचे त्याला कारणच पडले नसते. रात्रीचे भय, दिवसा उडणारा बाण, काळोखात फिरणारी मरी ही सगळी त्या स्तोत्रात आहेत, आणि त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला आश्रय कोठे आहे हे ते सांगते. डायलिसिसच्या खोलीत यजमान मशीनला जोडलेले असायचे आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्तोत्र म्हणायचा, मग नर्सने ‘हळू म्हणा’ असे सांगितल्यावर ते आतूनच पुढची ओळ म्हणायचे, असे तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे. त्याच पानावर खाली ‘देव आमच्याजवळ आलाच नाही’ असेही लिहिले आहे. ही दोन वाक्ये मी पुष्कळदा वाचली. दुसरे वाक्य खोटे आहे असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्हाला तसे वाटले ते खरेच आहे. पण पहिल्या वाक्यात जे घडले त्याला तुम्ही काय म्हणाल, हे तुम्हीच कधी तरी ठरवा.

प्रभू येशूने आपल्या लोकांना जी वचने दिली त्यांत आजार येणार नाही किंवा मरण दारावरून परत जाईल असे वचन नाही. उलट, जगात तुम्हाला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे, असे तो शेवटच्या भोजनाच्या रात्री म्हणाला. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या कार्डांवर या वाक्याचा दुसराच भाग बहुधा येतो, पहिला वगळला जातो. कार्ड छापणाऱ्यांनी हे थांबवले तर मंडळीवर उपकार होतील. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काय वेगळे करू शकत नाही याची यादी देतो, आणि त्या यादीत उपासमार आहे, उघडेनागडेपणा आहे, तलवार आहे, मरण आहे. या गोष्टी येणार नाहीत असे त्याचे म्हणणे नाही. त्या आल्या तरी ख्रिस्ताच्या हातातून आपल्याला सोडवून नेऊ शकत नाहीत, हे त्याचे म्हणणे आहे. तुमच्या यजमानांविषयी देवाने दिलेले वचन हे आहे. लाजराची बहीण मार्था हिला प्रभूने ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ असे सांगितले ते लाजर कबरेत असताना, आणि लाजर त्या दिवशी बाहेर आला तरी पुढे कधी तरी त्यालाही पुन्हा मरावे लागलेच. म्हणजे ते वचन त्या एका दिवसाच्या चमत्कारापुरते नव्हते. ते वचन तुमच्या यजमानांच्या बाबतीत मोडलेले नाही, ते अजून पुरे व्हायचे आहे. या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे आज तुम्हाला जाणवणार नाही, आणि ते आजच जाणवलेच पाहिजे असा आग्रहही मी धरत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे यापुढे वचन कसे धरावे याच्याशी, मला उत्पत्तीचा तेविसावा अध्याय जोडावासा वाटतो. अब्राहामाला देवाने कनान देश देण्याचे वचन दिले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन हेब्रोन येथे वारली, तेव्हा त्या वचनदत्त देशात तिला पुरण्यापुरतीही जमीन त्याच्या नावावर नव्हती. तो मृत पत्नीजवळून उठला, नगराच्या वेशीपाशी हेथी लोकांपुढे जाऊन मी तुमच्यात परका व उपरा आहे असे म्हणाला, आणि त्यांना नमन करून कबरेसाठी जागा मागितली. एफ्रोनाने आधी ‘तशीच घ्या’ म्हटले आणि मग बोलता बोलता चारशे शेकेल रुप्याची किंमत सांगितली. तुमच्या-माझ्यामध्ये एवढ्याची काय कथा, असेही वर म्हणाला. अब्राहामाने घासाघीस केली नाही, सर्वांसमक्ष रुपे तोलून दिले आणि शेत, गुहा आणि शेतातली झाडे यांचा व्यवहार पक्का केला. वचनदत्त देशातली त्याच्या मालकीची ही पहिली जमीन म्हणजे पत्नीची कबर. विश्वासाचा बाप म्हणून ज्याचे नाव आपण घेतो त्या माणसाचा विश्वास त्या दिवशी कसा दिसत होता? तो रडला, असे शास्त्र सांगते. तो कागदोपत्री व्यवहारासारखा रोकडा व्यवहार करून आला. आणि त्याने आपल्या माणसाला त्याच देशात पुरले, परत आपल्या मूळ देशी नेले नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय अशा सर्वांविषयी म्हणतो की वचनांची फळे हाती न येता, ती दुरून पाहून त्यांना वंदन करून, हे सर्व जण विश्वासात मेले. त्याच अध्यायात एका ओळीत विश्वासाने तलवारीच्या धारेपासून बचावलेले आहेत आणि दोन-तीन ओळी पुढे गेल्यावर तलवारीने वधलेले आहेत, आणि दोघेही विश्वासाच्याच यादीत आहेत.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. निराधार स्त्रियांसाठी रमाबाईंनी चालवलेल्या मुक्ती मिशनच्या कामात ती आईचा उजवा हात होती. त्या वेळी रमाबाई साठी उलटलेल्या होत्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतलेले होते. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील, नंतर भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती, एवढी माणसे गमावलेल्या या बाईने मुलीच्या मृत्यूनंतरही ते भाषांतराचे काम सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. देवाची वचने खरी आहेत असे ज्यांना वाटते त्यांच्या घरी मरण येत नाही, असे रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहून कोणाला म्हणता येणार नाही.

वचन धरणे म्हणजे मनात शंका येऊ न देणे, डोळ्यांत पाणी न आणणे आणि ‘हालेलूया’ म्हणत राहणे, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे आणि तिने दुःखी माणसांचे फार नुकसान केले आहे. ८९ वे स्तोत्र उघडा. त्यात देवाने दाविदाला शपथेवर दिलेले वचन पुष्कळ ओव्यांत आठवून आठवून मांडले आहे, आणि अडतिसाव्या वचनापासून स्तोत्रकर्ता देवाला तोंडावर विचारतो की तू तर आम्हाला टाकून दिलेस, तुझी ती पूर्वीची दया कोठे गेली. हे देवाविरुद्धचे बंड म्हणून शास्त्रातून काढून टाकलेले नाही, ते उपासनेत म्हणण्यासाठी ठेवले आहे. ज्याने शब्द दिला त्याच्याच दारात जाऊन ‘तुम्ही शब्द दिला होता’ असे म्हणणारा माणूस त्या शब्दाला धरूनच असतो. ज्याने शब्द सोडून दिला तो भांडायलाही जात नाही. म्हणून तुम्ही सध्या प्रार्थनेत जे भांडता आणि नंतर घाबरून क्षमा मागता, ती क्षमा मागणे थांबवा. भांडण देवासमोर आहे तोवर ते प्रार्थनाच आहे. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा. ते फक्त सहा वचनांचे आहे आणि त्यातली पहिली दोन ‘कोठवर’ याच प्रश्नाची आहेत. झोप आणि जेवण दोन्ही सुटल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी डॉक्टरांना अवश्य भेटा आणि ते विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण समजू नका. पौलाबरोबर इतके चमत्कार घडत असतानाही आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून त्याला पुढे जावे लागले होते, आणि तीमथ्याच्या पोटासाठी त्याने त्या काळचा साधा घरगुती उपायच लिहून पाठवला होता.

कार्डाविषयी तुम्ही विचारले आहे की फाडून टाकले तर पाप लागेल का. लागणार नाही. ते कागद आहे. पण माझे मत विचाराल तर ते आरशावरून काढा, मागे पंधरावे वचन स्वतःच्या हाताने लिहा आणि तुमच्या बायबलात त्या स्तोत्राच्या पानात ठेवून द्या. ते पुन्हा पाहावेसे वाटले तर पूर्ण स्तोत्रासह पाहाल. ज्या वक्त्याने सर्वांसमक्ष भाकीत केले त्याच्याविषयी तुमच्या पाळकांशी स्पष्ट बोला, गरज वाटल्यास लेखी द्या. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा बाबेलात नेलेले बंदिवान दोन वर्षांत परत येतील असे लोकांना सांगतो, आणि यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे म्हणूनही शेवटी त्याला सुनावतो की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलेस. पुढच्याच अध्यायात यिर्मया बंदिवानांना खरे ते लिहून पाठवतो: सत्तर वर्षे लागतील, तोवर घरे बांधा, बागा लावा. ज्या वचनाने लोकांना आज बरे वाटते तेच देवाचे, असे नसते, हे आपल्या पाळकांनी आणि कमिटीने बाहेरचे वक्ते बोलावताना ध्यानात ठेवायला हवे. पुढच्या वर्षी त्याच टोपलीतून दुसऱ्या एखाद्या आजारी माणसाच्या घरी तसेच कार्ड जाईल आणि त्यावर तसेच भाकीत होईल, म्हणून हे बोलणे आवश्यक आहे.

महिला मंडळात यापुढे कोणी तो विषय काढला तर वाद घालू नका, त्यासाठी आज तुमच्याकडे बळ नाही. ‘याकोबालाही तलवारीने मारले होते, बारावा अध्याय वाचून या’ एवढेच म्हणा आणि विषय बदला. आणि त्यांपैकी जी एक भगिनी रोज संध्याकाळी काही न बोलता भाकरी घेऊन येते असे तुम्ही लिहिले आहे, तिच्याजवळ बसत जा.

मुलाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे हे, की उपासनेला येण्यावरून होणारी रविवारची भांडणे थांबवा. तो चुकीचे बोलला म्हणून त्याला रागावू नका. त्याला जे सांगितले गेले होते ते देवाचे वचन असते तर त्याचे म्हणणे बरोबर ठरले असते. त्याला कोणी तरी देवाच्या नावाने न दिलेले वचन दिले, आणि तो त्या वचनावर अजूनही रागावलेला आहे. हे त्याला तुम्ही स्पष्ट सांगा: जे मोडले ते त्या वक्त्याचे भाकीत होते, आणि आम्ही मोठ्यांनी ते तुला वचन म्हणून सांगायला नको होते. हे बोलणे तुम्हाला जड जाईल, पण त्याला त्याची गरज आहे. त्याच्यासमोर ‘बाबा आता चांगल्या ठिकाणी आहेत’ असे म्हणून त्याचे दुःख मिटवू नका. लाजर उठणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेपाशी रडला होता. वडिलांचे मित्र, विशेषतः त्यांना डायलिसिसला आपल्या गाडीने नेणारे जे काका आहेत त्यांना, त्याला भेटायला सांगा आणि बायबल न उघडता नुसते वडिलांविषयी बोलायला सांगा. बँकेची आणि निवृत्तिवेतनाची कामे त्याला बरोबर घेऊन करा, म्हणजे घरात तो लहान नाही हे त्याला कळेल. आणि त्याला मला स्वतः लिहायचे असेल तर अवश्य लिहू दे. त्याचे पत्र आईच्या पत्राची पुरवणी समजणार नाही, त्याच्या प्रश्नांना स्वतंत्र उत्तर देईन, आणि त्यात त्याने जे शब्द वापरले असतील ते मला चालतील.